कोहेफिजावरचा उकिरडा

आमच्या वसाहतीचं नाव ज्या कुणी ठेवलं, त्याच्या मनात उकिरडा नसणार. कोह म्हणजे डोंगर, फिजा म्हणजे मोकळी, प्रसन्न हवा. कोहेफिजा. नुसतं म्हटलं तरी अंगावर शेरवानी चढल्यासारखं वाटतं. अशा नावाच्या वसाहतीत, भोपाळच्या मोठ्या तलावाकडे पाहत, घरामागच्या सात फुटी परसात मी गेली दोन वर्षं कांद्याची सालं, चहाचा चोथा आणि लोकांची बोलणी साठवतो आहे. पहिल्या दोहोंचं खत झालं. बोलणी अजून कच्ची आहेत.

आधी हवेबद्दल सांगतो, कारण या प्रकरणात सगळा घोळ तिनेच घातला. भोपाळला समुद्र नाही, ही गोष्ट भोपाळी माणसाला मान्य नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत बसून तो ज्या रुबाबात तलावाकडे हात करतो, त्या रुबाबात मुंबईकर अरबी समुद्राकडेही करत नाही. ताल असावा तर भोपाळचा, बाकीच्या सगळ्या नुसत्या तळ्या, अशी इथली म्हणच आहे. अकराव्या शतकात भोज राजाने पाणी अडवून हा तलाव केला असं मानतात. पसारा तीस-एकतीस चौरस किलोमीटरांचा, २००२ पासून रामसर यादीत नाव, शिवाय शहराच्या मोठ्या भागाला पाणी पाजतो ते वेगळंच. पश्चिमेचा वारा एवढ्या पाण्यावरून मोकाट धावत येतो, तेव्हा त्याच्या वाटेत पहिलं जे काही येतं ते आमचं धुणं. वळवाच्या दिवसांत तर टॉवेल वाळत घालावा आणि पुढच्या गल्लीत जाऊन तो मागून आणावा. भोपाळ जर्दा, गर्दा आणि पर्दा यांसाठी प्रसिद्ध, असं जुने लोक सांगतात. जर्द्याला पानाच्या ठेल्यावर जावं लागतं. गर्दा, म्हणजे धूळ, आम्हाला घरपोच मिळते.

आम्ही मूळचे नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं, सचिवालयाच्या फायली गाडीत चढल्या आणि फायलींच्या मागोमाग आमचे आजोबा. त्यामुळे आमच्या घराण्यात कागद सांभाळायची परंपरा आहे. कचरा सांभाळायची विद्या बायकोच्या आजोळची, गुहागरची. ती कशी आली ते पुढे सांगतो. त्याआधी दोन फजित्या व्हायच्या होत्या.

सुरुवात कचऱ्याच्या गाडीपासून झाली. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ साली इंदूर पहिलं आलं आणि भोपाळ दुसरं. २०१८ साली पुन्हा इंदूर पहिलं, भोपाळ दुसरं. वर्गात कायम दुसरा येणाऱ्या मुलाच्या घरात जे वातावरण असतं, ते तेव्हा सगळ्या शहरात होतं. ओला वेगळा, सुका वेगळा. गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरायची आणि हातातलं काम टाकून माणसं बादल्या घेऊन धावायची. गाडी थांबते किती वेळ? जेमतेम गाण्याचं एक कडवं. एकदा मी अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत ओली बादली घेऊन धावलो आणि परत येताना कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतून गुलाबासाठी खताची पिशवी आणली. पायऱ्या चढताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपली सालं आपणच डिझेल जाळून गावाबाहेर पाठवायची आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पैसे मोजून परत आणायची, हा कुठला व्यवहार?

गावाबाहेर म्हणजे कुठे, हेही सांगायला हवं. वर्षानुवर्षं सगळं भोपाळ भानपूरच्या खंतीवर कचरा टाकत होतं. २०१८ साली ती बंद झाली आणि गाड्या आदमपूर छावणीकडे वळल्या. कचराडेपोला इथे खंतीच म्हणतात. लहानपणी बसमधून जाताना कुणी ‘भानपूर खंती’ म्हटलं की मला वाटायचं, भानपूरला काहीतरी वाईट घडलेलं दिसतंय, त्याची लोकांना फार खंत आहे. पुढे वारा तिकडून आला की कळायचं, अर्थ फारसा चुकला नव्हता.

तर घरात खत करायचं ठरलं. माझी अट एकच होती, कष्ट नकोत. मला बागकामाची आवड आहे, पण ती खुर्चीवर बसून होणाऱ्या बागकामाची. मुलाने लगेच ऑनलाइन एक संच मागवला. नळ असलेला पांढरा डबा, भुशाची चार पाकिटं आणि बारीक टायपातली पुस्तिका. पुस्तिकेचं म्हणणं असं की सालांचे इंचा-इंचाचे तुकडे करावेत, थर द्यावा, भुसा भुरभुरावा, दाबावं, झाकण घट्ट लावावं, एक दिवसाआड नळातून पाणी काढावं, त्यात शंभरपट पाणी मिसळून ते झाडांना द्यावं. एवढ्या निगुतीने आम्ही मुलालाही वाढवलेलं नाही. कोथिंबिरीच्या काड्या चिरता चिरता बायको एकदा म्हणाली, “अहो, स्वयंपाकाला चिरते त्याहून जास्त मी या डब्यासाठी चिरते. याच्यासाठी फोडणीही घालू का?”

डबा घरात ठेवला तर वास, म्हणून परसात ठेवला. तिसऱ्या दिवशी झाकण गेलं. गेलं म्हणजे उडालं. वाऱ्याने ते उचललं, तिरपं केलं आणि भिंतीवरून शेजारच्या चचांच्या अंगणात उतरवलं. चचा पंच्याहत्तरीचे, अस्सल भोपाळी, संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून तलावाकडे बघत बसतात. झाकण हातात घेऊन ते भिंतीशी आले.

“को खां, उडन तश्तरी पाल रिये हो क्या?”

भोपाळी बोलीत ‘को खां’ला उत्तर द्यायचं नसतं, नुसतं हसायचं असतं. मी हसलो. झाकणावर वीट ठेवली. रात्री वाऱ्याने विटेसकट डबा पाडला आणि सकाळी परसात जे काही पसरलं होतं त्याचं वर्णन दिवाळी अंकातही करता येणार नाही.

मग दुसरा उपाय. जाळीचा गोल पिंजरा करायचा, त्यात वाळकी पानं भरायची आणि अधूनमधून ओला कचरा टाकायचा. खर्च नाही, चिरणं नाही. दिवस फाल्गुनाचे, समोरचा कडुलिंब पानं झाडत होता. मी छातीइतका उंच पिंजरा भरला, फोटो काढला, नातेवाइकांना पाठवला. लोकांनी अंगठे दिले. दुपारी वारा सुटला. संध्याकाळपर्यंत पिंजरा गुडघ्याएवढा झाला होता आणि चचांच्या बेगमसाहेबांनी खाटेवर वाळत घातलेल्या मुगाच्या वड्यांवर कडुलिंबाचा जाड थर बसला होता. चाची काही बोलल्या नाहीत. त्यांनी एकेक वडी उचलली, झटकली आणि आमच्या भिंतीकडे एकदा पाहिलं. ‘को खां’ परवडलं असतं.

याच सुमारास बायकोचे मामा उज्जैन-ओंकारेश्वर करून दोन दिवसांसाठी आमच्याकडे उतरले. मामा ऐंशीच्या घरातले, गुहागरला नारळ-पोफळीचं आगर, बोलणं थोडं आणि तेही दुपारची झोप झाल्यावर. चहा घेऊन ते परसात आले, पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “जावईबापू, हे उभं का केलंत?”

“म्हणजे?”

“वाऱ्याच्या गावात खत बसवायचं असतं. उभं करायचं नसतं.”

मग त्यांनी बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं, वाऱ्याची दिशा घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी सलग दहा मिनिटं बोलले. त्यांचं म्हणणं असं. समुद्राकाठी दिवसा खारा वारा, रात्री मतलई. ढीग उघड्यावर उभा असला की दोन्ही वेळा वारा त्यातलं पाणी पितो. वरचं चुरचुरीत सुकतं, खालचं दडपून आंबतं आणि मधलं, कुणाकडे जावं कळत नाही म्हणून, आहे तसंच राहतं. कुजवणारे जे जीव असतात त्यांना पिळलेल्या फडक्याएवढा ओलावा लागतो. तो गेला की ते संपावर जातात. म्हणून त्यांच्याकडे गायरी, म्हणजे शेणकचऱ्याचा खड्डा, गोठ्याच्या आडोशाला असते. काठाला दोन हात चिऱ्यांची भिंत, वर माडाच्या झावळ्या. स्वयंपाकघरातलं तर तेवढंही लांब जात नाही. मामी दारात उभ्या राहून भाताची पेज, भाजीची देठं, माशांचं पाणी थेट माडाच्या आळ्यात भिरकावतात. वर पातेरा ओढला की संपलं.

“खताला तीन गोष्टी लागतात,” मामा म्हणाले. “आळं, अळी आणि आळस. पहिल्या दोन निसर्ग देतो. तिसरी माणसाला जमत नाही. उगीच उकरत बसतो.”

आळसाला एवढी प्रतिष्ठा मी प्रथमच मिळताना पाहत होतो. मामा दुसऱ्या दिवशी गेले, पण घरात जे पेटायचं ते पेटलं. बायकोच्या आजोळाने बाजी मारली म्हटल्यावर मला गप्प बसवेना. आजोबांचा नातू, मीही फाईल उघडली.

फाईल उघडली आणि पहिल्याच पानावर इंदूर. सर्वेक्षणात पहिलं, पोह्यांत पहिलं, आता कुजवण्यातही पहिलं! जगभर जिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती कंपोस्टची रीत तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत १९२४ ते १९३१ या काळात बसवली गेली. संस्थेचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज. सेंद्रिय शेतीवाले त्यांना आद्यपुरुष मानतात. १९३१ साली ऑक्सफर्डने याविषयीचं जे पुस्तक छापलं, त्यावर मात्र दोन नावं आहेत. दुसरं नाव यशवंत वाड, संस्थेतले रसायनशास्त्राचे मुख्य सहायक. जगाने हॉवर्डना सर केलं, चरित्रं लिहिली, वाडांना तळटीप दिली. मराठी माणूस आणि कचरा यांची ही जुनी गाठ मला त्या रात्री कळली आणि अकरा वाजता मी बायकोला उठवून सांगितली. तिने “बरं” म्हटलं आणि कूस बदलली. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा त्यांनीही वेळ काढून हे खत पाहिलं होतं. अध्यक्षपद असताना उकिरडा बघायला जाणारा साहित्य संमेलनाध्यक्ष पुन्हा झाला नसावा. बघायला लागू नये इतका तो मंडपाजवळ असतो, ही गोष्ट वेगळी.

पण इंदूर पद्धत आमच्या कामाची नाही, हे दुसऱ्या पानावर कळलं. खड्डे ३० फूट लांब, १४ फूट रुंद, २ फूट खोल. पालापाचोळ्याचा थर, शेणाचा थर, राख, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती. तीन वेळा सगळा ढीग उलटायचा, म्हणजे तीन महिन्यांत खत तयार. आमचं अख्खं परस सात फुटी. शिवाय तीन वेळा उलटायचं? इंदूरची माणसं रात्री बारा वाजता सराफ्यात उभं राहून खाऊ शकतात, त्यांना झेपेल.

त्यावर १९३९ साली बंगळूरच्या सी. एन. आचार्यांनी उतारा काढला. थर द्या, वरून मातीने लिंपून टाका, उलटू नका, आणि सहा-आठ महिने त्या दिशेला फिरकू नका. ही बंगळूर पद्धत वाचताना मला आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं. मूळ पद्धत शहराच्या कचऱ्यासाठी होती आणि तिच्या थरांत मैलाही असायचा. तेवढा परिच्छेद मी घरात वाचून दाखवला नाही.

आणि तिसऱ्या पानावर, अहो, पुसद! आमच्या विदर्भातलं, यवतमाळ जिल्ह्यातलं. भोपाळच्या आसपास कुठल्याही खेड्यात जा, पंचायतीच्या भिंतीवर नाहीतर शेताच्या बांधावर ‘नाडेप’ असं रंगवलेलं दिसतं. मी नोकरीत असताना फायलींमध्ये हा शब्द शेकडो वेळा पाहिला होता. काहीतरी रशियन यंत्र असावं अशी माझी समजूत होती. ते निघाले नारायण देवराव पांढरीपांडे. ना-दे-प, त्याचं नाडेप. पुसदच्या या नाडेप काकांनी जमिनीवर विटांचं टाकं बांधलं, १० फूट बाय ६ फूट बाय ३ फूट, आणि भिंतींत ठरावीक अंतरावर भोकं ठेवली. शेण थोडं, काडीकचरा नि माती पुष्कळ. वारा भोकांतून आत शिरतो, ढिगाला श्वास देतो आणि उलटण्याचे कष्ट वाचतात. म्हणजे ज्या वाऱ्याने माझं झाकण उडवलं, वड्या बिघडवल्या, त्याला या माणसाने बिनपगारी कामाला लावलं होतं. मी बायकोला पुन्हा उठवणार होतो. मग कोकण-विदर्भ वाद सकाळी, चहानंतर घ्यायचं ठरवलं.

वाद तीन दिवस चालला. ती म्हणे खड्डा, मी म्हणे विटा. मुलाने तहाचा मसुदा काढला. हातभर खड्डा, तो कोकणचा. काठावर दोन फूट विटा, त्या विदर्भाच्या. तलावाच्या बाजूची भिंत बिनभोकांची, कारण तिकडून वारा शिरला की पाणी पितो. उरलेल्या तिन्ही भिंतींना भोकं, कारण तिकडून येतो तो नुसताच श्वास. वर भिजवलेलं गोणपाट, गोणपाटावर कोटा फरशीचा तुकडा. लांबी-रुंदी तीन फूट. विटा घराच्या दुरुस्तीतून उरलेल्या होत्या. नियम एकच, ओलं एक बादली पडलं की वाळकी पानं दोन बादल्या. ओल्यात नत्र, सुक्यात कर्ब. सुकं कमी पडलं की वास, जास्त झालं तरी काही बिघडत नाही, फक्त वेळ लागतो. वेळेला आमच्याकडे तोटा नव्हता. फरशीवर मुलाने खडूने लिहिलं, ‘हात लावू नये.’

आणि इथून खरे कष्ट सुरू झाले.

काही न करणं हे काम एकट्याने करायचं असेल तर सोपं आहे. चारचौघांत राहून करायचं असेल तर महाकठीण. भांडी घासणाऱ्या ताई येता-जाता फरशी सरकवून बघायच्या, “भैया, अभी तक तो छिलके ही हैं.” पोळी लाटताना तवा तापला का बघावा, तसं मुलगा दर रविवारी बघायचा. इंटरनेटवरच्या एका गृहस्थाने त्याला सांगितलं की ताक घाला, दुसऱ्याने गूळ, तिसऱ्याने जुनं दही आणि बेसन. या हिशेबाने कढीच झाली असती. आमच्या मंडळातल्या एका वहिनींनी कंपोस्टला अग्निहोत्राची राख चांगली असं सांगून एक डबी आणून दिली. ती मी कपाटात ठेवली आहे. वहिनी आल्या की काढून दाखवतो.

मीही साळसूद नव्हतो. मोठ्या ढिगाचं तापमान आतून ५५-६० अंशांपर्यंत चढतं, असं फाईलमध्ये वाचलं होतं. मला आपल्या ढिगाचं जाणून घ्यायचं होतं. घरात तापमापक एकच होता, काखेत ठेवायचा. एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोपरभर आत खुपसला, कान देऊन बसलो. टीं-टीं झालं. बाहेर काढला, पुसला, चष्मा लावला. ३५.

“ताप आहे का?” मागून बायकोने विचारलं.

तापमापक दुसरा आणावा लागला. ३५ चं कारण मात्र सरळ होतं. निदान हात-दीड हात नव्हे, चांगला मीटरभर लांब-रुंद-उंच ढीग असला तर आतली ऊब आत राहते. आमचं माप तोकडं, शिवाय तीन बाजूंनी नाडेप काकांचा वारा. जेवढी ऊब धरे तेवढी जाई. ढिगाला ताप येत नव्हता. कुजत होतं, पण गार डोक्याने. याचा एक तोटा असतो, तापात मरायच्या त्या बिया मरत नाहीत. हे वाक्य मी फाईलमध्ये अधोरेखितही केलं होतं. अधोरेखित केलेल्या वाक्यांचं आमच्या घराण्यात पुढे काही होत नाही.

आषाढात अळ्या आल्या. मामांच्या तीनपैकी दुसरी गोष्ट. गोणपाट उचललं तर सालांवर बोटाच्या पेराएवढ्या, करड्या, चपट्या, शेकड्यांनी वळवळत होत्या. ताईंनी किंकाळी फोडली, बायकोने खिडकी लावून घेतली. मुलाने फोटो काढून शोध लावला की ही ब्लॅक सोल्जर नावाच्या माशीची अळी. मोठी होऊन माशी झाली तरी ती चावत नाही, डसत नाही, आणि अळी असताना मात्र शाही लग्नातल्या वऱ्हाडासारखी खाते. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर मी भिंतीच्या एका भोकाला कान लावला. आतून बारीक, एकसारखा आवाज येत होता, तव्यावर मुरमुरे हलवावेत तसा. कुरकुर. आमच्या कचेरीतही दुपारी असाच आवाज असायचा, पण तिथे काही संपताना दिसलं नाही. इथे रात्री टाकलेली आंब्याची सालं सकाळी शोधावी लागत.

“को खां, दीवार से क्या बात हो री हे?” भिंतीपलीकडून चचा.

मी त्यांनाही कान लावायला सांगितलं. पंच्याहत्तरीचा माणूस, गुडघे धरत वाकला, दोन मिनिटं ऐकत राहिला. उठून म्हणाला, “मियां, ये तो पूरा मोहल्ला हे.” त्या दिवसापासून चचांची खुर्ची तलावाकडून थोडी आमच्या भिंतीकडे फिरली आहे.

वासाबद्दल दोनच शब्द, कारण सगळे तेवढंच विचारतात. येतो. भर पावसात चार दिवस गोणपाट निथळत राहिलं, तेव्हा नासक्या ताकासारखा आला. घमेलंभर वाळकी पानं आणि लाकडाचा भुसा टाकला, गेला. वाळकी पानं पावसाळ्यात कुठून आणायची? फाल्गुनात गोण्या भरून ठेवायच्या. ही एवढीच दूरदृष्टी लागते, आणि ती मला चचांच्या अंगणातून कडुलिंबाचा पाला परत गोळा करावा लागल्यामुळे आपोआप आली होती.

श्रावणात कोयी उगवल्या. तांबूस, लुसलुशीत पानांचे सात आंबे एका ओळीत उकिरड्यातून बाहेर बघत होते. त्यांच्या पाठोपाठ एक केसाळ, जाड देठाचं पान आलं, मग दुसरं, मग त्याने विटांवर हात टाकला. आम्ही सगळ्यांनी ओळखलं आणि कुणी काही बोललं नाही. भोपाळात मराठी माणसाने घरच्या घरी भोपळा लावणं हा विनोद इतका सोपा आहे की आम्ही तो इतकी वर्षं टाळत आलो होतो. वेलाला ते माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत त्याने टाकं झाकलं, ‘हात लावू नये’ची फरशी झाकली, नळ झाकला. खत बघायचं म्हटलं तरी बघता येईना. आता खऱ्या अर्थाने कुणीच उकरू शकत नव्हतं. गुहागरला फोन करून सांगितलं, तेव्हा मामा पलीकडे हसले असावेत. वाऱ्याचा आवाज एवढा होता की नक्की कळलं नाही.

वेल पश्चिमेच्या वाऱ्याने ढकलला तसा पूर्वेला सरकला. पूर्वेला चचांची भिंत. पिवळी फुलं आमच्याकडे आली, ती सगळी नराची. बायकोने त्यांची भजी केली. फळ धरलं ते भिंतीपलीकडे, चाचींच्या वड्यांच्या खाटेखाली, सावलीत. आम्हाला त्याचा पत्ता दसऱ्यापर्यंत नव्हता. तोवर तो चांगला कुशीत घेऊन उचलावा एवढा झाला होता, आणि चचा रोज सकाळी त्याच्याशी काहीतरी बोलत, असं ताईंनी सांगितलं.

मालकीचा प्रश्न नाजूक होता. मूळ आमच्या जमिनीत, फळ त्यांच्या. माझ्या नोकरीतल्या अनुभवानुसार अशा प्रकरणाला निदान अकरा वर्षं आणि दोन तहसीलदार लागतात. चचांनी ते एका संध्याकाळीत निकाली काढलं. भोपळा मधोमध कापला. आमचा अर्धा ताटात घालून, वर जाळीदार रुमाल टाकून स्वतः घेऊन आले. त्यांच्या अर्ध्याचं चाचींनी जे काही गोड केलं त्याची वाटीही सोबत होती. बायकोने आमच्या अर्ध्याचे घारगे केले, त्यातले डझनभर पलीकडे गेले. चाचींनी पहिला घारगा हातात घेऊन नीट निरखला, मागे-पुढे करून झटकला आणि मगच तोंडात घातला. वड्यांचा हिशेब तेवढ्यावर मिटला.

वेल वाळला तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. तो बाजूला ओढून मी गोणपाट उचललं. वरची वीतभर अजून सालं, काड्या, ओळखू येणारं एक नारळाचं सोडण. त्याखाली फावडं घातलं तर ते आवाज न करता आत गेलं. काळं, मऊ, चुरा होणारं, पहिल्या पावसानंतर परसातून येतो तसा वास असलेलं. अंड्याचं एक टरफल अख्खं निघालं, आणि एक चहाचा चमचा, ज्याच्यावरून दोन कामवाल्या ताईंवर आम्ही संशय घेतला होता. दोन घमेली खत निघालं. नऊ महिन्यांत दोन घमेली. रोपवाटिकेत तेवढ्याची किंमत काय होते, हे मुलाने मोजायला घेतलं तेव्हा मी त्याच्या हातातला फोन काढून घेतला.

एक घमेलं गुलाबांना घातलं. दुसरं भिंतीवरून पलीकडे दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चचांचा नातू एक थैली घेऊन आला. “दादाजान ने भेजा हे. आपके उकरडे के लिए.” कोहेफिजाच्या तोंडी तो शब्द अखेर बसला होता. थैलीत भोपळ्याची सालं, मधला गर, मटाराच्या शेंगा, चहाचा चोथा. निगुतीने इंचा-इंचाचे तुकडे केलेले.

बायकोने आत हात घालून पाहिलं. “अहो, यात बियापण आहेत. काढू की असू देत?”

मामांना विचारावं म्हणून फोन लावला. मामींनी उचलला. झोपलेत, म्हणाल्या, चारनंतर करा. अडीच वाजले होते. मी थैली टाक्यात रिकामी केली, वर दोन बादल्या पाला ओतला, गोणपाट सरळ केलं, फरशी ठेवली आणि आत जाऊन आडवा झालो.